पेटीचे घर होताना

सातेरी मधमाशीला पेटीत ठेवता येते, पण कोंडून ठेवता येत नाही. मधपाळाने पेटी विकत आणली, रंगवली, सावलीत मांडली, वसाहत आत बसवली, तरी त्या वसाहतीने तिथे राहायचे की नाही हा निर्णय शेवटपर्यंत माश्यांच्याच हाती असतो. जागा पटली नाही तर काही हजार माश्या राणीला घेऊन एका दुपारी निघून जातात. मागे उरते ते रिकामे पोळे. म्हणून मधमाशीपालनाची खरी कसोटी मध काढण्याच्या दिवशी लागत नाही. ती वसाहत पेटीत गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लागते.

हा विषय मुंबईच्या उपनगरात बसून लिहिण्याला एक कारण आहे. देशभर मधपेट्या वाटण्याच्या मोठ्या योजनेचा कारभार इथूनच चालतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय पार्ल्याच्या पश्चिमेला, इर्ल्यात आहे. आयोगाने २०१७ मध्ये ‘हनी मिशन’ सुरू केले आणि लाभार्थ्यांना प्रत्येकी १० पेट्या, जिवंत वसाहतींसह, द्यायला सुरुवात केली. बोरिवलीचे कोरा केंद्र आज अनेकांना नवरात्रातल्या गरब्यामुळे माहीत असते. तेही मुळात ग्रामोद्योगाचेच केंद्र. पुण्यात आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. म्हणजे ज्ञान आहे, पेट्या आहेत, योजनाही आहेत. दिलेली वसाहत घरात रुळते कशी, याकडे मात्र हवे तेवढे लक्ष जात नाही.

उपनगरातल्या चार माश्या

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठेही नीट पाहिले, तर चार प्रकारच्या माश्या दिसतात. उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली, पाण्याच्या टाक्यांखाली लोंबणारी मोठी एकपदरी पोळी आग्या माशीची. झुडपात किंवा गॅलरीतल्या वेलीवर तळहाताएवढे नाजूक पोळे बांधते ती फुलोरी. भिंतीच्या भेगेत मेण आणि डिंकाची छोटी नळी काढून राहणारी, नांगी नसलेली, ती पोयाची माशी. आणि झाडाच्या ढोलीत, कुंपणाच्या पोकळ भिंतीत, बंद पडलेल्या मीटरच्या पेटीत अंधारात एकाशेजारी एक पोळी लावते ती सातेरी.

यातल्या आग्या आणि फुलोरी उघड्यावर राहणाऱ्या. त्यांना पेटीत बसवण्याचा प्रयत्न करू नये. अंधारी पोकळी ही सातेरीची गरज, म्हणून तीच पेटी स्वीकारते. पोयाची माशीही लहान लाकडी खोक्यात राहते, तिचा मध अगदी थोडा असतो. युरोपातून आलेली मेलिफेरा माशी भारतात १९६० च्या दशकात हिमाचलमधील नगरोटा बगवाँ येथे यशस्वीपणे रुजवली गेली. उत्तरेकडच्या मोहरीच्या आणि सूर्यफुलाच्या विस्तीर्ण शेतांत ती भरपूर मध देते. थोड्या-थोड्या, विखुरलेल्या फुलोऱ्यावर गुजराण करायची असेल, तर इथली सातेरीच योग्य.

माशीला घर कसे हवे असते

थवा नवे घर शोधतो तेव्हा काही टेहळ्या माश्या आधी जागा पाहून येतात, परत येऊन नाचातून तिचा पत्ता सांगतात, दुसऱ्या माश्या ती जागा तपासतात, आणि पुरेशा टेहळ्यांचे एका जागेवर एकमत झाले की थवा उठतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी या नाचाची भाषा उलगडली आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी घर शोधणाऱ्या थव्यांचा अभ्यास केला. अमेरिकेतील टॉमस सीली यांनी तोच धागा पुढे नेला. मेलिफेराच्या थव्यांना साधारण ४० लिटरची पोकळी, लहान दार आणि जमिनीपासून काही मीटर उंची आवडते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. सातेरीची वसाहत लहान, म्हणून तिला पोकळीही लहान पुरते.

मधपाळाने यातून एक साधी गोष्ट घ्यावी. आपण जेव्हा वसाहत उचलून पेटीत आणतो, तेव्हा ही सारी निवड आपण तिच्याकडून काढून घेतलेली असते. टेहळणी झालेली नसते, एकमत झालेले नसते. त्यामुळे माश्यांनी स्वतः शोधली असती तशीच जागा देणे ही आपली जबाबदारी ठरते. पेटी कोरडी हवी, फटी नसाव्यात, रंगाचा किंवा वार्निशचा उग्र वास नसावा. आतून जुने मेण चोळलेले असले तर फार उत्तम. गवती चहाच्या तेलात जे सुगंधी घटक असतात, त्यांतले काही मेलिफेरा माश्या एकमेकींना बोलावण्यासाठी सोडतात त्या गंधातही असतात. म्हणून जगभर मधपाळ रिकाम्या पेटीत या तेलाचे एक-दोन थेंब लावतात. थेंब मात्र एक-दोनच. उग्र वासाने माश्या बिथरतात.

स्थलांतराची संध्याकाळ

परदेशात माश्या वजनावर विकल्या जातात. अमेरिकेत जाळीच्या खोक्यात सुमारे दीड किलो माश्या आणि वेगळ्या पिंजऱ्यात राणी अशी पार्सले वसंत ऋतूत पोचतात. राणीच्या पिंजऱ्याचे तोंड साखरेच्या गोळीने बंद असते. कामकरी माश्या ती गोळी खात-खात काही दिवसांत राणीपर्यंत पोचतात, तोवर तिचा गंध त्यांच्या अंगवळणी पडतो. आपल्याकडे वसाहत येते ती चौकटींवरच्या पोळ्यांसह, नाहीतर नैसर्गिक जागेतून काढून.

उपनगरात बहुतेक वेळा दुसरा प्रकार घडतो. सोसायटीच्या भिंतीत माश्या आहेत, दुरुस्तीचे काम निघाले आहे, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याआधी कोणाला तरी माश्या वाचवाव्यात असे वाटते. जाणकार मधपाळ दुपार उतरल्यावर काम सुरू करतो. धुराड्यातून थोडा थंड धूर देतो. धुराची चाहूल लागली की माश्या मधाने पोट भरून घेतात आणि शांत होतात. मग एकेक पोळे अलगद कापायचे. ज्यात अंडी, अळ्या आणि बंद कोष आहेत ती पिलाव्याची पोळी चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने किंवा सुती दोऱ्याने बांधायची. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण घरांचा कल किंचित वर असतो, उलटी पोळी माश्यांना चालत नाहीत. मधाने जड झालेले तुकडे बांधू नयेत. ते ओघळतात, माश्या बुडतात आणि मुंग्या येतात.

सगळे राणीवर अवलंबून असते. राणी पेटीत गेली की काही कामकरी दाराशी उभ्या राहतात, पोटाचे टोक वर करतात आणि पंख मारत गंध पसरवतात. बाकीच्या रांगेने आत जाऊ लागतात. राणी आत नसेल तर थोड्याच वेळात आतल्या माश्याही बाहेर येऊ लागतात. अंधार पडला, शेवटची माशी आत आली, की दाराला हवा जाईल अशी जाळी लावून पेटी हलवायची. गाडीत चौकटी गाडीच्या दिशेला समांतर ठेवायच्या, नाहीतर ब्रेक लागला की पोळी एकमेकांवर आपटतात.

अंतराचा प्रश्न इथे येतो. माशी आपल्या घराची जागा पाठ करते, आणि चरायला जाण्याच्या पट्ट्यात पेटी हलवली तर दुसऱ्या दिवशी ती जुन्याच जागी परतते. म्हणून मुलुंडच्या भिंतीतली वसाहत बोरिवलीला नेणे सोपे, आणि त्याच सोसायटीच्या ‘ए’ विंगमधून ‘सी’ विंगच्या बागेत नेणे अवघड. अशा वेळी वसाहत आधी काही किलोमीटर दूर नेऊन ठेवतात आणि दोन-तीन आठवड्यांनी परत आणतात.

पहिले सात दिवस

नव्या जागी पहाटे दार उघडताना त्यापुढे एक पालेदार डहाळी आडवी ठेवावी. बाहेर येणारी माशी अडखळते, आपली जागा बदलल्याचे तिच्या लक्षात येते, आणि ती थेट झेपावण्याऐवजी पेटीकडे तोंड करून हवेत झुलू लागते. आधी लहान, मग मोठी वर्तुळे. ती आपल्या नव्या घराची खूण पटवून घेत असते.

त्यानंतर मधपाळाने काय करायचे? बहुतेक काहीच नाही. पहिले चार-पाच दिवस पेटी उघडू नये. नवशिक्याला हे सर्वांत कठीण जाते. राणी आहे का, पोळे जोडले का, पाहावेसे वाटते. पण प्रत्येक वेळी झाकण उघडले की आतली ऊब जाते. पिलाव्याला ३३ ते ३५ अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते परत जमवायला माश्यांना कष्ट पडतात. शिवाय प्रत्येक धक्का निघून जाण्याचे कारण ठरू शकतो.

आतली हकीगत दाराशी बसून कळते. माश्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या, केशरी गोळ्या दिसल्या तर पिलावा वाढतो आहे. परागाची गरज मुख्यतः अळ्यांना वाढवण्यासाठी असते. माश्या निर्धाराने येत-जात असतील तर काम सुरू झाले. दाराशी झटापट दिसली तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या मध लुटायला आल्या आहेत, दार लहान करावे. दिवसभर सुस्त, दिशाहीन वावर असेल तर राणीविषयी शंका घ्यावी.

बाहेर फूल कमी असेल तर साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक पेटीच्या आत, संध्याकाळी द्यावा. दिवसा दिला तर वासावर लुटारू माश्या येतात. गूळ देऊ नये, त्यातल्या अशुद्ध घटकांनी माश्यांची पोटे बिघडतात. बाजारातला मधही देऊ नये, त्यातून रोग येऊ शकतो. पेटीच्या स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंबईत सातेरीला पळवून लावणाऱ्या कारणांत मुंग्यांचा क्रमांक फार वरचा आहे.

दाराला राणी-जाळी लावण्याचीही पद्धत आहे. तिच्यातून कामकरी जातात, अंगाने मोठी राणी अडते, आणि राणीशिवाय वसाहत निघत नाही. पण ही जाळी काही दिवसांपुरतीच. नर अडकून मरतात, आणि राणी नवी, न फळलेली असेल तर तिला मीलनासाठी बाहेर पडता येत नाही. जाळीने वेळ मिळतो. तेवढ्या वेळात घर राहण्यासारखे करणे आपल्या हाती असते.

पिलावा हाच नांगर

सातेरी पळून जाते दोन प्रकारांनी. धक्का बसला, मुंग्या शिरल्या, ऊन असह्य झाले, तर ती पिलावा टाकून तडक निघते. फुलोरा संपला म्हणून जायचे असेल, तर ती तयारी करते. राणी अंडी घालणे कमी करते, असलेला पिलावा बाहेर पडू दिला जातो, साठा संपवला जातो, आणि मग सगळे उठतात. पराग आत येणे थांबले आणि पोळ्यात अंडी दिसेनाशी झाली, तर हा इशारा समजावा.

होडीला नांगर तसा वसाहतीला पिलावा. उघड्या अळ्यांना दिवसातून अनेकदा भरवावे लागते, आणि भरवणाऱ्या माश्या सहसा घर सोडत नाहीत. म्हणून अनुभवी मधपाळ नव्या वसाहतीला जोमदार वसाहतीतली एक पिलाव्याची चौकट देतो, नेहमी निरोगी वसाहतीतलीच.

आणखी एक हिशेब मनात ठेवायला हवा. सातेरीच्या कामकरी माशीला अंड्यापासून बाहेर पडायला सुमारे २० दिवस लागतात. म्हणजे नव्या घरात राणीने पहिल्या दिवशी अंडे घातले, तरी जवळजवळ तीन आठवडे त्या अंड्याची माशी मिळत नाही. दरम्यान जुन्या माश्या मरत राहतात. त्यामुळे वसाहत आधी कमी होते, मगच वाढते. मेणपतंग, गांधीलमाशी, वेडा राघू यांचा त्रास याच काळात जास्त भोवतो. जपानमधल्या सातेरीच्या भाऊबंद माश्या गांधीलमाशीला शेकडोंनी घेरून आपल्या अंगाच्या उष्णतेने मारतात, त्या गोळ्याच्या आत तापमान ४६ अंशांच्या आसपास जाते. पण त्यासाठी शेकडो माश्या हव्यात. दुबळी वसाहत हे करू शकत नाही. नवी जन्मलेली माशी आधी घरातली कामे करते आणि दोन-तीन आठवड्यांनी चरायला बाहेर पडते. म्हणजे वसाहत खऱ्या अर्थाने या जागेची व्हायला सुमारे दीड महिना जातो.

दिवाळीनंतरचा मुहूर्त

हा दीड महिना कधी यावा, हे मुंबईत पावसाळा ठरवतो. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. सरींमुळे माश्या बाहेर पडू शकत नाहीत, फुलांतला मकरंद धुऊन जातो, हवेत ओल असते. सातेरी दाराशी तोंड बाहेर करून पंख मारते आणि बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा उलट तोंड करून आतली हवा बाहेर खेचते. म्हणजे सातेरीच्या पेटीभोवतीची हवाच दमट असेल तर तिची मेहनत फुकट जाते. पावसाच्या तोंडावर वसाहत बसवणे म्हणूनच धोक्याचे.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते. थंडीत वसाहत जम बसवते, मग सावर, पांगारा, पळस फुलतात, आणि पुढे जांभूळ, करवंद, करंज यांचा बहर येतो. शेवगा आणि नारळ अधूनमधून आधार देतात. बोरिवली, मुलुंड आणि आरे यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, याचे मोल मधपाळाला वेगळे सांगावे लागत नाही. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६ मध्ये ती फुलली होती, त्यानंतर २०२४ मध्ये. घाटकोपरच्या दाट वस्तीत असे जंगल हाताशी नाही, पण पूर्वेला खाडीकाठी कांदळवन आहे आणि तिवराच्या फुलांवर माश्या येतात. अंधेरीतल्या सोसायट्यांत कढीपत्ता, तुळस, पेरू, शेवगा लावता येतात. पेटी घेण्याआधी आसपासची झाडे आणि ती फुलण्याचे महिने वहीत लिहून काढावेत. वर्षातले चार महिने कोरे निघाले, तर आधी झाडे लावावीत, पेटी नंतर घ्यावी.

शेजाऱ्यांना सोबत घेऊन

उपनगरात माशी एकट्या मधपाळाच्या घरात राहत नाही, ती सगळ्या सोसायटीच्या अंगणात राहते. पेटीचे दार रस्त्याकडे किंवा मुलांच्या खेळाच्या जागेकडे नसावे. दारापुढे पुरुषभर उंचीचे कुंपण किंवा झुडूप असले की माश्या उडतानाच उंची घेतात. काँक्रीटची उघडी गच्ची एप्रिलमध्ये भट्टी होते, तिथे पेटी ठेवायची तर पक्की सावली आणि वारा अडवणारा आडोसा हवा. जवळ पसरट भांड्यात दगड-गोटे टाकून पाणी ठेवावे, म्हणजे माश्या शेजाऱ्यांच्या एसीच्या पाण्यावर जात नाहीत. डासांसाठी धूरफवारणी होणार असेल तर ती कधी होते हे वॉर्डात विचारून ठेवावे आणि तेवढ्यापुरती पेटी ओल्या गोणपाटाने झाकावी. ते औषध डास आणि माशी असा भेद करत नाही.

सगळ्यांत मोठा गैरसमज आग्याविषयी असतो. ती चांदण्या रात्रीही चरायला जाते आणि दिव्यांकडे ओढली जाते, म्हणून गॅलरीच्या ट्यूबलाइटखाली सकाळी मेलेल्या माश्या सापडतात. खिडकीचा दिवा बंद केला, पडदा ओढला, तर बराच त्रास कमी होतो. तिच्या पोळ्याला मात्र कोणीही हात लावू नये. तिचे डंख जिवावर बेतू शकतात. ते काम प्रशिक्षित माणसाचेच. आग्या हंगामानुसार येते आणि हंगाम संपला की जाते. पुष्कळदा थोडे थांबणे हाच उपाय असतो. सातेरी बरीच शांत असली, तरी काहींना एका डंखानेही तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. श्वास अडला, तोंड सुजले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

महाबळेश्वराने शिकवलेले

महाराष्ट्रात हा धडा सर्वांत आधी आणि सर्वांत नीट गिरवला तो महाबळेश्वरच्या डोंगरात. १९४० च्या दशकापासून तिथे सातेरी पेट्यांत आहे, राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथेच आहे, आणि मधपाळांची सहकारी संस्थाही तिथे उभी राहिली. त्याच तालुक्यातल्या मांघरला १६ मे २०२२ रोजी ‘मधाचे गाव’ हा मान मिळाला, पुढे कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगावही त्या वाटेवर आले. तिथे पेट्या टिकल्या कारण एका घराची वसाहत डळमळली तर पिलाव्याची चौकट द्यायला शेजारचे घर आहे, आणि ज्या जंगलावर माश्या जगतात ते राखण्यात साऱ्या गावाचे हित आहे.

दक्षिण भारताने दुसरी बाजू पाहिली. १९९१ नंतर थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपल्या. अळ्या पिशवीसारख्या होऊन मरत. परगावची वसाहत आणताना तिच्यासोबत काय येते, याचा हा कायमचा इशारा आहे. म्हणून शक्यतो आपल्याच भागातली वसाहत घ्यावी. तिला इथला पाऊस ठाऊक असतो, इथल्या फुलांचे वेळापत्रकही. मुंबईतली ‘अंडर द मँगो ट्री’ ही संस्था महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांना स्थानिक सातेरीच पाळायला शिकवते, त्यामागे हाच विचार आहे.

मोजायचे काय

योजनांच्या अहवालात वाटलेल्या पेट्यांची संख्या असते. ती महत्त्वाची, पण तिने काम पुरे होत नाही. प्रत्येक वाटपानंतर तीन नोंदी व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. तिसऱ्या आठवड्यात पेटीत अंडी होती का? दीड महिन्यानंतर माश्या वाढल्या का? आणि पहिला पावसाळा संपल्यावर वसाहत तिथेच होती का? या तीन उत्तरांसाठी खर्च फार नाही. पेटी घेणाऱ्याच्या हाती एक वही आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर एक अनुभवी मधपाळ, एवढे पुरे. वसाहत का गेली हे लिहिले गेले, तर पुढच्या माणसाची वसाहत राहील. न लिहिले, तर तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा नवी पेटी मागेल, आणि कोणत्या तरी जंगलातली आणखी एक वसाहत त्यासाठी उचलली जाईल.

उपनगरातल्या वाचकालाही माझी हीच विनंती आहे. यंदा दिवाळीनंतर पेटी घ्यायची असेल तर अवश्य घ्या, पण आधी पुण्याच्या संस्थेत किंवा एखाद्या जुन्या मधपाळाकडे प्रत्यक्ष काम करून शिका. एकट्याने एक पेटी घेण्यापेक्षा सोसायटीतल्या चार जणांनी मिळून दोन घ्या, म्हणजे एक दुबळी झाली तर दुसरी तिला पिलावा देईल. पहिल्या वर्षी मध काढू नका, तो वसाहतीला पावसाळ्यासाठी लागेल. आणि पुढच्या दसऱ्याला पेटीच्या दारातून परागाच्या गोळ्या आत जाताना दिसल्या, तर तुमचे पहिले वर्ष यशस्वी झाले असे निःशंक समजा.